तिसऱ्या डावावर सोळा महिने

कोसिमला तालमीत मीच नेला. आमच्या गल्लीत हे आता कोणी मानत नाही, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो.

का नेला, तेही सांगतो. आबा इदिंग यांच्या तालमीत मी वर्षभर जात होतो आणि त्यातले दहा महिने तिसऱ्या डावावर होतो. एकूण डाव एकवीस. माझ्याबरोबर आलेली मंडळी सातव्या-आठव्यावर गेली. माझ्यामागून आलेला केळ्याची भजी विकणारा नवव्यावर गेला. मी मात्र तिसऱ्या डावावर बिऱ्हाड केल्यासारखा. कुणाला नवीन काही दाखवायचं झालं की आबा म्हणायचे, "यायत, ये रे जरा," आणि मी जाऊन पडायचो. तालमीच्या त्या अंगणात अशी वीतभर जागा नाही जिथे मी पडलेलो नाही. पावसाळ्यात कुठे निसरडं होतं आणि उन्हाळ्यात कुठे खडे वर येतात, हे मला पाठीने पाठ आहे.

तेव्हा माझ्या मनात आलं, की आपल्याहून वाईट पडणारा एक जण आणावा. विचार थोर नव्हता, पण माणसाला कधीतरी शेवटून दुसरं व्हावंसं वाटतं.

कोसिम आमच्या शेजारचा. गाद्या भरतो. अंगाने स्वतःच एक दुहेरी गादी. चालताना स्वतःच्याच लुंगीत पाय अडकवून घेणारा. माझ्या मेहुणीच्या लग्नात तो वाढायला उभा राहिला आणि भाताच्या टोपासकट नवऱ्या मुलाच्या मांडीवर जाऊन बसला. असा माणूस शोधून सापडत नाही. मला तो भिंतीपलीकडे मिळाला होता.

"तब्येतीला बरं असतं रे कोसिम," मी म्हटलं.

"मला जमेल, कांग?" आमच्याकडे थोरल्या भावाला कांग म्हणतात. माझ्याहून तो दोनच वर्षांनी लहान, पण आदराला कमी पडायचा नाही.

"न जमायला काय झालं!" ते जमणार नाही याची पुरेपूर खात्री असल्यामुळे मी अगदी मोकळ्या मनाने म्हणालो.

शनिवारी दुपारी त्याला घेऊन गेलो. गडे नावाच्या डोंगरावरून धुकं उतरून अंगणाच्या कडेपर्यंत आलं होतं. ढोलकीवाला हळू हळू ठेका धरत होता आणि सनईवाला झोपेत वाजवल्यासारखा वाजवत होता. त्या अंगणात पाऊल टाकलं की मला नेहमी आपण पाण्याचे झालो आहोत असं वाटतं. पुढच्या क्षणाला आपटतो, ते सोडा.

आमची विद्या ताकदीची नाही, स्पर्शाची. समोरासमोर उभं राहायचं, मनगटाला मनगट टेकवायचं, डोळे मिटायचे, आणि समोरच्याच्या मनात ढकलायचं आहे की ओढायचं, ते कातडीतून ओळखायचं. मी तालुका कचेरीत परवान्यांच्या टेबलावर बावीस वर्षं शिक्के मारतो. आबा माझ्या मनगटाला मनगट लावून नेहमी एकच म्हणायचे, "यायत, तू शिक्का मारतोस रे."

त्या दिवशी त्यांनी कोसिमच्या मनगटाला हात लावला आणि थांबले. ऐंशी वर्षांचा माणूस. मला वाटलं, काही दुखलं की काय.

"काय करतोस तू?"

"गाद्या भरतो, आबा. सावरीचा कापूस."

"आत गाठ राहिली तर कशी शोधतोस?"

"शोधत नाही. हात फिरवतो. कळतं."

आबांनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं, की जणू कुणीतरी त्यांना बऱ्याच दिवसांनी आवडीचा पदार्थ वाढला होता. मी बाजूला उभा राहून माझ्या डाव्या पायावरचा डास मारत होतो. त्या क्षणी मला काहीच कळलं नाही, यावरूनच माझा स्पर्श किती कच्चा होता ते ध्यानात यावं.

दोन आठवड्यांत कोसिम तिसऱ्या डावावर माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मी त्याचं स्वागत केलं. तिसऱ्या आठवड्यात तो चौथ्यावर गेला. मी निरोप दिला. चौथा महिना संपायच्या आत तो नवव्यावर होता, आणि आबा "ये रे जरा" म्हणून हाक मारत ती मला, कोसिमने नवीन डाव दाखवावा म्हणून. त्याच्या हातून पडणं वेगळंच होतं. लागायचं नाही. पडलोय हे जमिनीवर आल्यावर कळायचं. सगळ्यात जास्त संताप त्याचा यायचा.

इथे माझ्या एका खाजगी गोष्टीचा खुलासा करायला हवा. दुपारी कचेरीत, जेवणानंतर, खिडकीबाहेर धुकं उतरलं की मी जागेपणी एक स्वप्न बघतो. काळा पोशाख, कमरेला लाल पट्टा, शांत अंगण, आणि मी ढोलकीच्या ठेक्यावर असा चाललो आहे की पायाखालच्या गवतालाही पत्ता नाही. कडेला माणसं गप्प बसली आहेत. कित्येक वर्षांचं स्वप्न हे. रहिवासी दाखला न्यायला आलेल्यांना त्यापायी पाच-सात मिनिटं ताटकळावं लागतं, पण कोणी तक्रार केलेली नाही. सरकारी कामात वेळ लागतो हे लोकांना माहीत असतं.

तर पाचव्या महिन्यात त्या स्वप्नात कोसिम शिरला. आधी कडेला बसला. मग एके दिवशी उठला, आणि माझ्याच अंगणात, माझ्याच ठेक्यावर, माझ्याहून सुरेख चालू लागला. स्वप्न माझं, आणि माना डोलावल्या जात होत्या त्याच्यासाठी! मी दचकून जागा झालो आणि एका विधवेच्या दाखल्यावर "नामंजूर"चा शिक्का मारून बसलो. तो निस्तरायला दोन दिवस गेले.

"तुमच्या पोटात दुखतंय," बायको म्हणाली. हिचं नाव इमास. स्वभावाने स्पष्ट.

"माझ्या पोटाला काहीही झालेलं नाही."

"मग कोसिमच्या बायकोने लाल पट्टा शिवायला घेतलाय हे सांगितल्यावर ताटावरून का उठलात?"

"मिरची तिखट होती."

"अहो, आज मिरची घातलेलीच नाही."

गल्लीत ही बातमी कशी पसरली कोण जाणे, पण सल्ले येऊ लागले. वस्तीप्रमुख तितिनबाई म्हणाल्या, मत्सर पित्तामुळे होतो, सकाळी कडू पाल्याचा रस घ्या. चार दिवस घेतला. मत्सर तसाच राहिला, वर जिभेची चव गेली. खरा उपयोगी सल्ला दिला पलीकडच्या हाजी ओमोंनी. ते निवृत्त शिक्षक, आणि त्यांच्याकडे गाणारा शामा पक्षी होता. पक्ष्यांच्या गायनस्पर्धेत तो तालुक्यात दुसरा आला होता.

"घरी सराव करा, यायतराव. भुशाचं पोतं टांगा, डोळे मिटा, हात लावा. पोतं झुललं की तुम्ही झुला. कुणाला कळायची गरज नाही."

मला पटलं. फणसाच्या झाडाला पोतं टांगलं. फणस आमचा, पण त्याची फांदी हाजींच्या पिंजऱ्यावर जाते, एवढा तपशील दोघांच्याही ध्यानात आला नाही. आठ दिवस रोज सकाळी मी डोळे मिटून त्या पोत्याला हात लावत होतो, आणि पोतं धपकन माझ्या छातीवर येत होतं.

नवव्या दिवशी हाजी भिंतीवरून डोकावले. चेहरा पांढरा पडला होता.

"ऐका," ते म्हणाले.

शामाने गळा फुगवला. सुरुवातीची एक देखणी तान घेतली. मग थांबला आणि म्हणाला, "धप्प." आणि पाठोपाठ अगदी माझ्या आवाजात, "आयायाऽ."

"तीन आठवड्यांवर स्पर्धा आलीय," हाजी म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "दोन वर्षं मी त्याला झऱ्याचा आवाज ऐकवला. आणि त्याने उचललं काय, तर तुमचं कण्हणं!"

तक्रार तितिनबाईंकडे गेली. बाईंनी दोन्ही बाजू ऐकल्या, शामालाही एकदा ऐकलं, हसू दाबलं आणि निर्णय दिला, की टांगती वस्तू असल्याने कचेरीचा ना-हरकत दाखला लागेल. असे दाखले कचेरीत एकच टेबल देतं. माझं.

मी टेबलाच्या पुढच्या बाजूला उभं राहून अर्ज भरला. मग मागच्या बाजूला जाऊन बसलो आणि वाचला. अर्ज अपुरा होता. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या सह्या नव्हत्या. अर्जदार ओळखीचा होता, हे खरं. पण बावीस वर्षांत मी ओळखीच्या माणसाचं काम नियम मोडून केलेलं नाही, आणि या वयात स्वतःपासून सुरुवात करणं बरं दिसलं नसतं. साहेबांकडे गेलो.

"स्वतःचा अर्ज स्वतः मंजूर करता येत नाही," साहेब म्हणाले. "पण परत पाठवायला हरकत दिसत नाही."

मी अर्ज परत पाठवला. संध्याकाळी तो मला घरी मिळाला, तेव्हा खरं सांगतो, कचेरीतल्या लोकांचा मला फार राग आला.

हाजींनी सही दिली, पण पोतं मागच्या तळ्यावर नेण्याच्या अटीवर. दुसरा शेजारी कोसिम. म्हणजे ज्याला मागे टाकायचं, त्याचीच परवानगी काढायची!

तो कापसात बसला होता. सगळ्या खोलीत सावरीचे पिंजके तरंगत होते, त्याच्या भुवयांवरही. त्याने न वाचताच सही केली.

"पोतं कशाला, कांग?"

"घाम काढायला."

"भुशाचं आहे? टोचेल तुम्हाला. आणा इकडे, कापूस भरून देतो. गाठ राहू देणार नाही."

आणि त्याने भरून दिलं. संध्याकाळी स्वतः खांद्यावर घेऊन आला, तळ्यावर पोतं टांगायला आडवा वासा आणि खाली बांबूची फळी टाकायलाही मदत केली, आणि जाताना इमासने दिलेला आल्याचा गरम काढा पिऊन गेला. मी त्याचे आभार मानले. माझ्या आयुष्यात इतके कष्ट मला दुसऱ्या कोणत्याही आभारांनी दिलेले नाहीत.

तळं इमासचं. म्हणजे खोदलं मी, पण त्यातले सोनेरी मासे तिचे. ईदला तिची पाच भावंडं जेवायला येणार होती, आणि त्यांच्या ताटात वाढायला ती वर्षभर त्या माशांना उरलंसुरलं घालून, नावानिशी रागावून वाढवत होती. ईदला अकरा दिवस होते.

त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की पाणी कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते ते दिसत नव्हतं. मी फळीवर उभा राहिलो, डोळे मिटले, पोत्याला मनगट टेकवलं. कापसाचं पोतं काहीच बोलत नव्हतं, नुसतं श्वास घेतल्यासारखं हलत होतं. मीही हललो. खाली मासे पाण्याला हळूच ओठ लावत होते. दूर कुणीतरी चूल पेटवली होती, तिचा ओला धूर येत होता. आणि मला वाटलं, जमलं! पोतं गेलं की मी जातोय, ते आलं की मी येतोय. कोसिम नाही, आबा नाही, तिसरा डाव नाही. मी एक पाऊल पुढे टाकलं, गवतालाही कळणार नाही असं.

पुढे गवत नव्हतं.

पडता पडता जे हाताला लागलं ते धरलं. ते तळ्याच्या बांधातल्या नळीचं बूच होतं. मी पाण्यात गेलो, बूच हातात आलं, आणि तळं खालच्या खाचरात मोकळं झालं. मी उठून उभा राहीपर्यंत पाणी गुडघ्यावर होतं. तोंडातलं शेवाळ काढेपर्यंत घोट्यावर. मासे एकेक करून, काही घाई न करता, नळीतून निघून गेले.

"अहोऽ!" दारातून इमास ओरडली. एवढंच. तिने हातातली टोपली खाली ठेवली आणि रिकाम्या तळ्याकडे बघत उभी राहिली.

कोसिम भिंत ओलांडून आला. येताना लुंगीत पाय अडकून एकदा पडला. मग सरळ खाचरात उतरला. नुकती चिखलणी झालेलं खाचर ते. दुधाच्या चहासारखं पाणी, आत काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी धावाधाव करून चार ठिकाणी झडप घातली आणि चार मुठी चिखल पकडला. कोसिम वाकला, दोन्ही हात पाण्यात सोडले, डोळे मिटले आणि थांबला. मग हात वर आले, तर त्यांत मासा. तडफडही नाही. टोपलीत ठेवला. पुन्हा वाकला.

मी चिखलात बसलो. माझी धावाधाव संपली होती. पाचवा, नववा, चौदावा. बघता बघता माझा राग कुठे गेला कळलं नाही. इतकं सुरेख होतं ते. धुक्यात एक जाडा माणूस वाकतो, थांबतो, आणि पाणी आपण होऊन त्याला मासा देतं.

"कसं करतोस रे?" मी विचारलं.

"करत नाही, कांग. आपण पकडायला गेलो की तो जातो. हात नुसता तिथे ठेवायचा."

"कोसिम, एक सांगू?"

"सांगा ना."

"तालमीत तुला मी तब्येतीसाठी नेलं नव्हतं. माझ्याहून वाईट कुणीतरी असावं म्हणून नेलं होतं."

त्याने हातातला मासा टोपलीत ठेवला. चिखलाचे हात लुंगीला पुसले. मला वाटलं, आता उठून जाईल. शेजार गेला, मैत्री गेली, राहिलेले मासेही गेले.

"ते माहीत होतं मला," तो म्हणाला.

"माहीत होतं?"

"तुम्ही बोलवायला आलात तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवला होतात ना. तेव्हाच कळलं." आणि तो हसू लागला. "आता माझंही सांगतो, कांग. रागवायचं नाही. वर्षभर मी शनिवारी आबांच्या कुंपणाशी उभा राहायचो. जायची फार इच्छा, पण लाज वाटायची. एवढा मोठा देह, लोक हसतील. मग तुम्हाला बघायचो. तुम्ही पडायचात, उठायचात, पुढच्या शनिवारी पुन्हा हजर. मला वाटायचं, हा माणूस येऊ शकतो, तर आपल्याला कोण हसणार आहे?"

अपमान झाला होता, यात शंका नाही. पण तो इतक्या प्रेमाने झाला होता की परत कुठे करावा कळेना. मी हसलो. आधी थोडं, मग इतकं की इमास बांधावर आली आणि तिला वाटलं माझ्या डोक्यावर परिणाम झाला. तिने मासे मोजले. दोन कमी होते. ईदला तिने पाहुण्यांसमोर त्या दोघांची आठवण काढली, नावं घेऊन.

ईदनंतरच्या रविवारी तालमीचा वर्धापनदिन होता. त्या दिवशी लाल पट्ट्याची परीक्षा असते आणि परीक्षा देणाऱ्याने स्वतःचा जोडीदार निवडायचा असतो. सगळी गल्ली आली होती. हाजी ओमोही आले होते. त्यांच्या शामाला स्पर्धेत बक्षीस मिळालं नव्हतं, पण पंच पोट धरून हसले होते आणि आता लांबून लोक त्याला ऐकायला येत होते, त्यामुळे हाजी थोडे सैलावले होते. त्यांच्या शेजारी निवृत्त सुईण एनोकबाई बसल्या होत्या. आधीच्या महिन्यातच तालमीत आलेल्या, सदुसष्ट वर्षांच्या.

कोसिमने अंगणभर नजर फिरवली आणि म्हणाला, "कांग यायत."

मी उठलो. ढोलकी सुरू झाली. मनगटं टेकली, डोळे मिटले. पहिल्यांदा पडलो. दुसऱ्यांदा पडलो. तिसऱ्यांदा त्याचं मनगट माझ्या मनगटावर होतं, आणि मला कळलं. तो डावीकडे ओढणार होता. अजून ओढलं नव्हतं, त्याने ठरवलंही नसेल कदाचित, पण त्याच्या कातडीखाली ते पाण्यातल्या माशासारखं हललं आणि मला लागलं. काय करावं हे मला माहीत नव्हतं, तो चौथ्या डावाचा भाग. तेव्हा मी पडलोच. पण मी कुठे पडणार आहे हे त्या दिवशी मला आधी कळलं होतं, आणि मी तिथे जाऊन, अगदी स्वतःच्या पलंगावर आडवं व्हावं तसा, पडलो.

कोसिमला लाल पट्टा मिळाला. त्याच्या बायकोने तो आधीच शिवून आणला होता. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या, आणि मनापासून वाजवल्या. गर्दी पांगू लागली तेव्हा आबा माझ्याजवळ आले, माझ्या पाठीवरची माती झटकली आणि म्हणाले, "बुधवारपासून चौथा सुरू कर."

मी इमासकडे पाहिलं. ती दुसरीकडे बघत होती, पदराचं टोक डोळ्याला लावून. विचारलं असतं तर धूर गेला म्हणाली असती.

संध्याकाळी कोसिम आणि मी भाताच्या बांधावरून घरी निघालो. पाण्यात आभाळ उतरलं होतं आणि बेडूक सुरू झाले होते. मी तरंगत होतो. सगळं जग मला मऊ आणि माझ्या बाजूचं वाटत होतं. कोसिमने मात्र लाल पट्टा काढून खिशात कोंबला होता.

"काय रे, दुखलं-खुपलं काही?"

"नाही."

"मग?"

त्याने बांधावरचा एक खडा पायाने पाण्यात ढकलला. मग म्हणाला, "कांग, तुम्ही कुणाला सांगणार नाही ना? त्या एनोकबाई आहेत ना… येऊन पाच आठवडे झाले. काल आबांनी त्यांना आठवा डाव दिला. चाळीस वर्षं पोटातली बाळं चाचपलेला हात. आबा म्हणाले, असा हात पाहिला नव्हता. म्हणजे माझा पाहूनसुद्धा! मला जेवण जात नाही, कांग. कापूस भरतो आणि गाठी राहतात."

मी थांबलो. त्याच्याकडे नीट पाहिलं. चेहरा ओढलेला, डोळे खाली. सगळी लक्षणं बरोबर होती. मला त्याची दया आली, आणि दयेच्या खालून फार दिवसांनी एक गोड, भारदस्त भावना वर आली. शेवटी असा एक विषय निघाला होता, ज्यात कोसिम अगदीच नवशिका होता आणि मी पुरा मुरलेला.

मी बांधावर बसलो आणि शेजारची जागा हाताने साफ केली.

"बस इथे," मी म्हटलं. "घाई करायची नाही. सुरुवातीपासून सांग. पहिल्यांदा पोटात दुखलं ते कधी?"